बटाटे गोड, लसणाला कोंब, पाव वातड: फ्रिजबाहेर काय ठेवायचं आणि नेमकं कुठे

फ्रिज नीट चालतोय, दूध नासत नाही, बर्फही होतोय, तरी काही वस्तू दर आठवड्याला बिघडतातच. बटाट्याच्या काचऱ्या कडेने चॉकलेटी होतात आणि मधे कच्च्या राहतात. लसणाच्या पाकळीत हिरवा कोंब. टोमॅटो लालभडक, पण ना वास ना चव. वांगं चिरलं की बिया काळ्या. काल आणलेला पाव आज वातड. अशा वेळी बहुतेक घरांत फ्रिजचा खटका अजून एक घर पुढे सरकवला जातो आणि त्रास वाढतो. वर सांगितलेलं सगळं थंडीनेच झालेलं असतं.

फ्रिजच्या मुख्य कप्प्यात साधारण चार-पाच अंश सेल्सिअस असतं, खालच्या भाजीच्या कप्प्यात थोडं जास्त. एवढ्या थंडीत जंतूंची आणि बुरशीची वाढ मंदावते, म्हणून दूध, शिजलेलं अन्न, मांस-मासळी तिथेच हवी. पण बटाटा, केळं, वांगं हे तोडल्यानंतरही जिवंत असतात, श्वास घेत असतात. त्यांतल्या उष्ण हवेच्या पिकांना ही थंडी सोसत नाही. त्यांच्या पेशी आतून इजा पावतात आणि मग डाग, काळेपणा, मऊपणा सुरू होतो.

कुठलं सोसतं आणि कुठलं नाही, हे पाठ करायची गरज नाही. हिवाळ्यात जोरात येणाऱ्या भाज्या, म्हणजे गाजर, मटार, कोबी, फ्लॉवर, मुळा, पालक, मेथी, कोथिंबीर, यांना फ्रिज मानवतो. उन्हाळी-पावसाळी वळणाच्या भाज्या, म्हणजे वांगी, भेंडी, काकडी, भोपळा, रताळी, यांना मानवत नाही. बटाटा, कांदा आणि लसूण या नियमात बसत नाहीत. घरात सगळ्यात जास्त आणले जातात तेच, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून.

बटाटा तळला की काळा पडतो, गोडसर लागतो

बटाटा थंडीने कुजत नाही, गोड होतो. साधारण आठ अंशांच्या खाली गेला की तो आपल्या पिठूळ साठ्यातला काही भाग मोडून त्याची साखर करायला लागतो. ही साखर गरम तेलात बटाट्यातल्याच अमिनो आम्लांना भेटली की रंग धरते, आणि तो आत शिजायच्या आधीच धरते. म्हणून कड करपते, मधला भाग कच्चा राहतो. याच प्रक्रियेत अ‍ॅक्रिलामाइड नावाचा नकोसा पदार्थही जास्त तयार होतो. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने याच कारणासाठी बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका असा सल्ला बरीच वर्षं दिला होता. २०२३ मध्ये त्यांनी तो सैल केला आणि घरच्या फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही असं सांगितलं. तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. पण चव आणि रंगाची तक्रार कायम आहे, आणि काचऱ्या करणाऱ्याला तीच महत्त्वाची.

आता यातली मेख. तुम्ही बटाटा एकदाही फ्रिजमध्ये ठेवला नसेल तरी तो गोड निघू शकतो. उत्तर प्रदेश, गुजरात, पंजाबकडचा बटाटा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि त्यातला मोठा भाग शीतगृहात जातो. तिथे तो दोन ते चार अंशांवर महिनोन्‌महिने असतो आणि पावसाळ्यात, दिवाळीच्या आगेमागे आपल्या बाजारात उतरतो. वेफर्सवाल्यांसाठीचा माल वेगळा, दहा-बारा अंशांवर ठेवतात आणि कोंब येऊ नयेत म्हणून प्रक्रिया करतात. भाजीवाल्याला तेवढं विचारून घ्या: माल नवा आहे का कोल्डचा? ‘कोल्डचा’ म्हटलं की कळतं त्याला.

घरी पारख करायची तर एक पातळ चकती कापून पुसून कोरडी करा आणि मध्यम गरम तेलात सोडा. चांगल्या बटाट्याची चकती फिकट सोनेरी होते आणि बुडबुडे थांबेपर्यंत तशीच राहते. गोड झालेल्याची कड अर्ध्या मिनिटातच तांबूस होते, मग शिरांच्या रेषेवर तपकिरी वलय उमटतं आणि बुडबुडे येतच असतात, म्हणजे आत पाणी अजून आहे. असं दिसलं तर त्या दिवशी तळणीचा बेत सोडा, रस्सा करा. बाकीचे बटाटे अंधाऱ्या, हवेशीर जागी आठ-पंधरा दिवस पसरून ठेवा. साखरेचा बराचसा भाग बटाटा स्वतःच जाळतो किंवा पुन्हा पिठात बदलतो. पाहुणे दारात असतील आणि तळायचेच असतील, तर कापलेल्या फोडी गरम पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवून निथळा, पुसा, मग तळा. पृष्ठभागावरची साखर पाण्यात जाते. पूर्ण इलाज नाही, पण फरक पडतो.

उन्हाळी वाळवणातल्या वेफर्ससाठी आणि किसासाठी मार्च-एप्रिलमधला ताजा बटाटा घेण्याची जी घरोघरची शिस्त आहे, ती याच कारणाने बरोबर आहे. चिप्सोना किंवा लेडी रोसेटा मिळाला तर उत्तम, या जातींत साखर मुळात कमी आणि पीठ जास्त असतं.

बाहेर ठेवलेला बटाटा हिरवा पडत असेल तर त्याला उजेड लागतोय. हिरवा रंग हरितद्रव्याचा, तो निरुपद्रवी. पण त्याच्याबरोबर सोलानिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं, ते निरुपद्रवी नाही, आणि शिजवून ते जात नाही. एखादा ठिपका असेल तर जाड साल काढून वापरा. निम्मा हिरवा किंवा कडू लागणारा टाकून द्या. बटाटा टणक आहे आणि कोंब जेमतेम फुटलेत, तर डोळे खोल खरवडून काढले की चालतो. सुरकुतलेला, लांब कोंब आलेला कुंडीत लावा. आणि आणल्या आणल्या बटाटे धुवायची सवय असेल तर ती सोडा. माती लागलेला बटाटा जास्त टिकतो, धुवायचं वापरताना.

कांदा मऊ पडतो, काळा पडतो, कोंब फुटतो

इथे पहिला प्रश्न जागेचा नाही, जातीचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येणारा खरिपाचा लाल कांदा हा टिकाऊ माल नव्हेच. पाणी जास्त, सालपट पातळ, मान जाड. तो आठ-पंधरा दिवसांचाच आणायचा, स्वस्त मिळाला म्हणून गोणी भरायची नाही. मार्च-एप्रिलपासून येतो तो उन्हाळ कांदा. मान वाळलेली, सालपटं दोन-तीन पदरी आणि कुरकुरीत. लासलगाव-पिंपळगावकडचे शेतकरी कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर छपराखाली, चार-सहा महिने ठेवतात तो हाच. वर्षाचा किंवा पावसाळ्याचा साठा करायचा तर फक्त याचाच.

निवडताना मानेवर अंगठा दाबून पाहा. घट्ट आणि कोरडी असेल तर कांदा राहील. दबली, ओलसर वाटली, तर तो पहिला वापरायचा. कांदे आतून सडायला लागतात ते बहुधा मानेकडून, आणि एक सडला की शेजारचे चार घेऊन जातो. म्हणून दर आठवड्याला टोपली उपसून पाहण्याला पर्याय नाही. कंटाळवाणं काम आहे, पाच मिनिटांचं आहे.

कांदाचाळ पाहिली असेल तर तिची रचना आठवा. जमिनीपासून उचललेला तळ, खालून हवा, बाजूला फटी, वर छप्पर. घरातही तेवढंच लागतं: जाळीची टोपली, खाली विटा किंवा स्टँड, थर फार उंच नाही. प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून ठेवली तर कांदा स्वतःच्याच वाफेत सडतो. पंचवीस-तीस अंशांची कोरडी हवा कांद्याला चालते, त्यात तो झोपलेला असतो. दहा-वीस अंशांत, आणि त्यात ओल मिळाली, की तो जागा होऊन कोंब काढतो. फ्रिजमधला कांदा बाहेर काढल्यावर झपाट्याने फुटतो तो त्यामुळे. शिवाय दुधाला, लोण्याला त्याचा वास लागतो तो वेगळाच. अलिबागचा पांढरा कांदा माळा गुंफून विकतात, तो तसाच टांगून ठेवा, सोडवू नका. टांगलेल्याला चहूबाजूंनी हवा मिळते.

सालपटावरची काळी पूड, म्हणजे काजळी, ही बुरशी आहे. ती फक्त वरच्या पापुद्र्यावर असेल तर तो काढून, कांदा धुऊन वापरायला हरकत नाही. आतल्या पदरात काळी रेघ गेली असेल किंवा पदर बुळबुळीत असेल तर सगळा टाका.

कांदे-बटाटे हे नाव जोडीने घेतात म्हणून टोपलीही एकच, ही चाल मात्र मोडायला हवी. बटाटा ओल सोडतो, ती कांद्याला बाधते. दोन टोपल्या, मधे हातभर अंतर.

चिरलेला कांदा अर्थातच फ्रिजमध्ये, झाकणाच्या डब्यात. चिरलेला कांदा हवेतले जंतू ओढून घेतो आणि विषारी होतो, हे मोबाइलवर फिरणारं ज्ञान खोटं आहे. चिरलेली कुठलीही भाजी उघड्यावर जेवढी बिघडते तेवढाच तोही बिघडतो.

लसूण

अख्खी गड्डी बाहेर, कोरड्यात. पाच-दहा अंशांची थंडी म्हणजे लसणाला कोंब काढण्याची सूचनाच, आणि भाजीच्या कप्प्यात नेमकं तेवढंच असतं. कोंब आलेला लसूण खायला चालतो, थोडा उग्र लागतो इतकंच. सोललेल्या पाकळ्या मात्र फ्रिजमध्ये, आणि आठवड्यात संपवा.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. सोललेला लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, लसणात आम्ल जवळजवळ नाही, आणि मातीतून आलेल्या बोट्युलिझमच्या, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेच्या, जंतूंना असंच लागतं. वासावरून किंवा चवीवरून ते कळत नाही. घरी केलेली आलं-लसूण पेस्टही तेल घातलंय म्हणून बाहेर टिकणार नाही. ती फ्रिजमध्ये चार दिवस, त्याहून जास्त हवी तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

टोमॅटो, केळी, आंबे

टोमॅटोचा वास ज्या घटकांमुळे येतो ते थंडीत तयार होणं थांबतं. २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी याचा माग काढला: थंडीत स्वादाशी संबंधित जनुकं बंद पडतात, आणि आठवडाभर गारठलेला टोमॅटो बाहेर काढल्यावरही ती पुरती जागी होत नाहीत. म्हणून कच्चट, नारिंगी टोमॅटो फ्रिजमध्ये कधीच नाही. ताटात देठाची बाजू खाली करून, एकावर एक न रचता ठेवा. पूर्ण पिकून मऊ व्हायला लागले आणि आज वापरायचे नाहीत, तर दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये जाऊ देत. आमटीत, ग्रेव्हीत जायचा असेल तर एवढा विचारही करायला नको. कोशिंबिरीत मात्र फरक कळतो.

केळ्याची साल तेरा अंशांच्या खाली काळी पडते. पिकलेलं केळं आत चांगलंच असतं, दिसायला भीषण. हिरवं केळं फ्रिजमध्ये गेलं तर ते नंतर बाहेर काढूनही धड पिकत नाही. घड टांगा, सफरचंदाच्या शेजारी नको, कारण सफरचंदातून निघणारा इथिलिन वायू पिकायचा वेग वाढवतो. याच वायूमुळे भाजीच्या कप्प्यात सफरचंद ठेवली की शेजारची कोथिंबीर-पालेभाजी लवकर पिवळी पडते.

हापूसची पेटी आली आणि उन्हाच्या भीतीने कच्चे आंबे फ्रिजमध्ये भरले, तर ते आंबे गेले असं समजा. सालीवर करडे डाग, आत रंग नाही, आंबटपणा जात नाही. आढी घालायची ती पेंढ्यात, एकाच थरात, आणि रोज उलटून पाहायची. पेंढा नसेल तर वर्तमानपत्र. देठाजवळ वास सुटला, बोटाखाली जरासा दबला, की मग फ्रिजमध्ये. तिथे तो तीन-चार दिवस राहतो. कलिंगड, अख्खा लाल भोपळा, रताळी, सुरण बाहेरच. कापलेलं कलिंगड आणि भोपळा आत.

वांगी, भेंडी, काकडी यांना बाहेर ठेवलं तर सुकतात, आत ठेवलं तर डागाळतात. मधला मार्ग म्हणजे कागदात किंवा सुती पिशवीत गुंडाळून भाजीच्या कप्प्यात, दोन-तीन दिवसांपुरतं. आठवडी बाजारातून किलोकिलोने आणून रविवार ते रविवार टिकवायचा हट्ट या तिघांसाठी सोडा. पहिल्या तीन दिवसांत यांचा नंबर लावा, कोबी-गाजर शेवटी.

पाव वातड होतो

पावातलं शिजलेलं पीठ थंड झालं की पुन्हा घट्ट रचनेत जायला लागतं, आणि हे सगळ्यात वेगाने फ्रिजच्या तापमानालाच होतं. फ्रिजमधला एक दिवस पावाला बाहेरच्या कित्येक दिवसांइतका शिळा करतो. लादीपाव आजच संपणार असेल तर फडक्यात गुंडाळून डब्यात. उद्या-परवाचा असेल तर थेट फ्रीजरमध्ये, कारण गोठलं की ही क्रिया थांबते. काढून तसाच तव्यावर टाका किंवा इडलीपात्रात मिनिट-दोन मिनिटं वाफ द्या. मुंबईत, कोकणात जुलैमध्ये बाहेर ठेवलेल्या पावाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवी बुरशी धरते, तेव्हा तिथे फ्रीजरच.

पोळ्यांचंही तेच, दिवसभराच्या फडकं घातलेल्या डब्यात बाहेर. भात मात्र या हिशेबात धरू नका. शिजलेला भात रात्रभर बाहेर राहिला तर त्यातल्या जंतूंचं विष सकाळच्या फोडणीने जात नाही. तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाका. फोडणीच्या भाताला असा गारठलेला, मोकळा भात जास्त चांगला लागतो, हा फायदाच.

कोरडं सामान: सादळणं आणि खवट होणं

मसाला, कॉफी, चिवडा फ्रिजमधून आत-बाहेर केले की गार डब्यावर हवेतलं पाणी जमतं आणि सामान सादळतं. रोजच्या वापराची छोटी बरणी बाहेर. वर्षाचं तिखट किंवा गोडा मसाला घट्ट बंद पाकिटांत गार ठेवायला हरकत नाही, गुंटूरला मिरची शीतगृहातच असते. फक्त पाकीट बाहेर येऊन घरच्या तापमानाला आल्याशिवाय फोडायचं नाही.

मधाला फ्रिज नको. त्याला साखर धरली म्हणजे भेसळ असं नाही, बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो. तूप बाहेर, चमचा कोरडा. खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतंच, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. आमसुलं, मिठातली चिंच, वर तेल तरंगणारं कैरीचं लोणचं बाहेरच, बरणीला दादरा बांधून. हल्ली कमी मीठ, कमी तेलाची लोणची करतात, ती मात्र फ्रिजमध्ये. बेसनाचे लाडू बाहेर मऊ राहतात, आत तूप गोठून दगड होतात. ओल्या नारळाच्या वड्या किंवा रवा-नारळाचे लाडू बाहेर ठेवले तर तिसऱ्या दिवशी आंबूस वास मारतात.

उलट काही कोरड्या वस्तू लोक वर्षानुवर्षं फडताळात ठेवतात आणि त्या फ्रिजमध्ये हव्यात: शेंगदाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, अक्रोड, जवस. यांत तेल असतं, ते उन्हाळ्यात खवट होतं. रव्याला पावसाळ्यात पोरकिडे होत असतील तर आणल्यावर चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग बंद डब्यात बाहेर.

बाहेर म्हणजे नेमकं कुठे

सल्ला देणारे ‘सामान्य तापमानाला ठेवा’ म्हणतात तेव्हा बहुतेकदा परदेशातलं वीस अंशांचं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. आपल्याकडे मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला स्वयंपाकघर चाळीसकडे झुकतं. तिथे पिकलेला टोमॅटो आणि अंडी सरळ फ्रिजमध्ये टाका, स्वादाची चर्चा हिवाळ्यात करू.

फ्लॅटमध्ये सगळ्यात वाईट जागा म्हणजे ओट्याखालचं गॅसशेजारचं कपाट आणि फ्रिजच्या मागची बाजू. दोन्हीकडे ऊब असते. त्यातल्या त्यात चांगली जागा बहुधा झोपायच्या खोलीत निघते: पलंगाखाली, भिंतीपासून थोडी आत. अंधार, गारवा, आणि केर काढताना रोज नजर जाते. खेड्यांत कांदे पलंगाखाली पसरलेले दिसतात ते उगीच नाही.

हवा कोरडी असेल, म्हणजे विदर्भ, मराठवाडा, खानदेशात, तर मातीचं एक भांडं दुसऱ्या मोठ्या भांड्यात ठेवून मधल्या जागेत वाळू भरा आणि ती ओली ठेवा. वर ओलं गोणपाट. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच खाली येतं. पुसाच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटा-वाळूचा जो शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला, त्याचं तत्त्व हेच. वांगी, काकडी, टोमॅटो यांना ही जागा फ्रिजपेक्षा मानवते. कांदा-लसूण तिथे नको, ओल असते. कोकणात, मुंबईत दमट हवेमुळे हा उपाय फारसा चालत नाही.

एवढं करूनही फ्रिजमध्येच ठेवायच्या वस्तू, म्हणजे दूध, शिजलेलं अन्न, पालेभाजी, लवकर जात असतील तर फ्रिज तपासा. मधल्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा, सकाळी दार उघडताक्षणी वाचा. पाच अंशांच्या आत हवं. जास्त दिसलं तर दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून पाहा. सहज निघून आली तर तिथलं रबर सैल झालंय, बदलून घ्या. पट्टी घट्ट बसली आणि तरीही आठ-नऊ अंश दिसले, तर आतल्या मागच्या भिंतीवरच्या हवेच्या झरोक्यांसमोर भांडी खेटून ठेवलेली नाहीत ना, ते आधी बघा.